मेलेले जिवाणू, जागी प्रतिकारशक्ती

१४ जुलै, ताळगाव

पहाटेपासून संततधार. मेलेले जिवाणू दिल्याने उंदरांतला ॲलर्जीचा दमा कमी होतो का, हे पाहायचंय. आज लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यात असतो तसला जिवाणू, मारायचा दिवस.

आधी मोजणी, मग उष्णता. मेलेल्या जिवाणूंच्या वसाहती उगवत नाहीत, म्हणून उलटं केलं तर मात्रेचा हिशेबच हातून जातो. अंदाज ओडीवरून, म्हणजे द्रवाच्या गढूळपणावरून, खात्री प्लेटवर उगवलेल्या वसाहतींवरून. पीबीएसने, म्हणजे क्षारांच्या द्रावणाने, दोनदा धुवून मिलिलिटरला ५ अब्ज. मग ८० अंशांच्या पाण्यात ३० मिनिटं, नळी झाकणापर्यंत बुडवून. झाकणाच्या आत चिकटलेला एक थेंब पाण्याच्या वर राहिला, तर त्यातले जिवाणू जगतात आणि नळी हलवताच सगळीकडे पसरतात. त्यामुळे तापवलेला द्रव नव्या नळीतच काढायचा, त्यातला १०० मायक्रोलिटर प्लेटवर टाकायचा. ३७ अंशांवर ४८ तासांत एकही वसाहत दिसली तर ती खेप फेकायची.

उंदराला रोज २०० मायक्रोलिटर तोंडावाटे, म्हणजे १ अब्ज. जिवाणू तळाशी बसतात. दर उंदराआधी नळी हलवली नाही तर पहिल्याला एक मात्रा जाते, शेवटच्याला दुसरीच.

बाकी वेळापत्रक नेहमीचं. बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या माद्या, ० आणि १४ व्या दिवशी पोटात २० मायक्रोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं, ॲलर्जी आणणारं प्रथिन) व २ मिलिग्रॅम ॲलम (प्रतिकारशक्तीला चेतवणारं ॲल्युमिनियमचं संयुग), २१ पासून तीन दिवस त्याच प्रथिनाच्या १ टक्का द्रावणाचा फवारा. शेवटच्या फवाऱ्यानंतर २४ तासांनी फुप्फुसं धुवून इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजायचे. सगळ्या गटांना ओव्हाल्ब्युमिन एकाच लॉटचं हवं. बाजारातल्या मालात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष, असतं, आणि ते थोडं असताना ॲलर्जी भडकवतं, जास्त झालं की दाबतं. मग श्रेय जिवाणूंना द्यायचं की भेसळीला?

पावसाळ्यात जास्त काळजी पिंजऱ्यात अंथरायच्या भाताच्या तुसाची. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक होऊन, तूस ओलसर निघतं. ओव्हनमध्ये कोरडं न करता पिंजऱ्यात घातलं की बुरशी धरते आणि ज्यांना काहीच टोचलेलं नाही, त्यांच्याही फुप्फुसांत इओसिनोफिल दिसू लागतात. म्हणून तो गट कधीही गाळू नये. गोव्यातल्या ओल धरलेल्या घरांत खरा त्रास गादीतल्या धुळीच्या किड्यांचा. अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्या प्रथिनावर आपण किती दिवस अडून राहणार?

मेलेला जिवाणू गप्प नसतो. त्याच्या पेशीभित्तिकेचे तुकडे प्रतिकारपेशींवरच्या टीएलआर-२ या ग्राहीवर बसतात आणि प्रतिकारशक्तीला इशारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी आयएल-१२, आयएल-१० ही संदेश देणारी प्रथिनं सोडतात. २००२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये मारलेल्या मायकोबॅक्टेरियम व्हॅकी या मातीतल्या जिवाणूचं काम आलं. त्याने तयार झालेल्या नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी, दुसऱ्या उंदरांत घातल्यावर तिथेही इओसिनोफिल घटले, पण त्याच ॲलर्जेनपुरते.

टोचण्यांनी उंदीर ॲलर्जीला संवेदनशील होण्याआधी जिवाणू दिले की आकडे छान येतात. माणूस मात्र दवाखान्यात येतो तो दमा जडल्यावर. म्हणून पुढच्या फेरीत निम्म्या उंदरांना पहिली मात्रा १५ व्या दिवशी, दुसऱ्या टोचणीनंतर.