घशातून दुर्बीण: लीड्सला माझी, ठाण्याला आत्याची

ठाण्यात पित्ताची गोळी कुणी औषधात धरतच नाही. पाचपाखाडीत कुठल्याही मेडिकलमध्ये "पॅन फॉर्टी द्या" म्हटलं की काउंटरवरचा मुलगा कात्रीने पट्टी कापून हातावर ठेवतो. माझी आत्या वर्षानुवर्षं अशीच घेत आली. सकाळी चहाआधी गोळी, जेवण जड झालं तर कोकम सरबत, रात्री जळजळलं तर थंड दूध. यंदा मे महिन्यात मी सुट्टीला घरी आले, तर तिचा घास छातीशी अडकायला लागला होता आणि डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली होती. घरात ही तपासणी झालेली मी एकटी, तीही इंग्लंडातल्या लीड्सला. त्यामुळे आत्याच्या सगळ्या शंका माझ्याकडे. "अगं, तोंडात नळी घातल्यावर मी श्वास कुठून घेऊ?" ही पहिली. आता तिच्या भिशीतल्या बायकाही विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

इंग्लंडात मुळात दुर्बिणीपर्यंत पोचणंच अवघड. थेट पोटाच्या डॉक्टरकडे जायची सोय नाही, आधी आपला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. वय पंचावन्नच्या आत आणि नुसती जळजळ असेल तर तो चार ते आठ आठवडे गोळ्या देतो, शौचाची किंवा श्वासाची तपासणी करून एच. पायलोरी हा जंतू आहे का बघतो, आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. घास अडकणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर मात्र चक्रं हलतात. माझं हिमोग्लोबिन उतरलं होतं, म्हणून मला पाठवलं. ही तपासणी सहा आठवड्यांच्या आत व्हावी असं तिथल्या सरकारी सेवेचं उद्दिष्ट आहे. ते बऱ्याचदा हुकतं, माझ्या वेळीही हुकलं. फोनवर कुरकुर केली की आई म्हणायची, "इकडे ये, उद्या करून देतात." खोटं नाही ते. नौपाड्यात आज दाखवलं तर उद्या टेबलावर. तिकडे तपासणीचे पैसे पडत नाहीत हे खरं, पण व्हिसा काढतानाच आरोग्य सेवेपोटी प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड भरून घेतात, तेव्हा फुकट या शब्दावर फार जाऊ नका.

तारखेसोबत पत्र आलं ते चांगलं जाडजूड. दोन आठवडे आधी पित्ताच्या गोळ्या बंद, हे पहिल्याच पानावर ठळक. गोळी चालू असताना सूज आणि जखमा भरत आलेल्या असतात, आणि जंतू असूनही तपासणीत सापडत नाही. (काहींना ती बंद करून चालत नाही, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच.) सहा तास पोटात अन्न नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध घेत असाल तर आधी फोन करा. कवळी काढावी लागेल. नेलपॉलिश नको, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. आणि शेवटी एक प्रश्न: तुम्हाला नुसता घशाचा स्प्रे हवा की गुंगीचं इंजेक्शनही?

हा प्रश्न मला विचारला गेला याचंच मला अप्रूप. स्प्रेने घसा बधिर होतो, आपण पूर्ण जागे असतो, आणि झाल्यावर एकटं घरी जाता येतं. मिडाझोलामच्या इंजेक्शनाने माणूस सैलावतो, पुष्कळांना नंतर फारसं आठवत नाही. पण ते घेतलं तर घरी न्यायला कुणीतरी लागतं आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाने चोवीस तास सोबतीला कुणाला बोलवायचं? परदेशात हा प्रश्न नळीपेक्षा मोठा. मी स्प्रेवर भागवलं. काही ठिकाणी नाकातून जाणारी आणखी बारीक दुर्बीणही असते, तिच्याने उबळ कमी येते म्हणतात.

प्रत्यक्षात काय होतं? स्प्रेची चव जास्त पिकलेल्या केळ्यासारखी. मिनिटाभरात घसा सुजल्यासारखा वाटतो आणि गिळता येत नाही अशी भीती वाटते, गिळता येतं. डाव्या कुशीवर निजवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं देतात, म्हणजे आपण नळी चावत नाही. नळी करंगळीएवढी जाड. ती जिभेच्या मुळाशी आली की उबळ येते, आणि त्यातून सुटका नाही. डॉक्टर गिळायला सांगतात, गिळलं की ती पुढे सरकते. मग आत हवा भरतात, पोट फुगतं, ढेकरा येतात. तोंडातून लाळ गळत राहते, ती नर्स ओढून घेते. आवंढे गिळत बसायचं नाही, गळू द्यायची. मला ही गोष्ट आधी कुणी सांगायला हवी होती. लाज आवरण्यातच माझा निम्मा वेळ गेला. आत्याच्या शंकेचं उत्तर असं की नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी, तिचा रस्ता मोकळाच असतो. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. दुखत नाही. तपासायला आतला कणभर तुकडा काढतात तेही कळत नाही. पण सुखाचं आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पाच ते दहा मिनिटं, तुकडे घ्यायचे असतील तर थोडी जास्त.

आता ठाण्याचं. डॉक्टरांचा हात हलका, तपासणी चार-पाच मिनिटांत उरकली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आदल्या दिवसापर्यंत आत्याला मिळालेली सूचना एकच: "उपाशी या." पॅन फॉर्टीचं कुणी बोललं नाही, मी विचारलं तेव्हा तारीख पुढे ढकलून मिळाली. तिला मधुमेह आहे, तर सकाळचा पहिला नंबर मागून घेतला, नाहीतर दुपारपर्यंत उपाशी बसली असती आणि साखर उतरली असती. गुंगीचं विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, भुलीचे डॉक्टर वेगळे बोलवावे लागतील, चार्ज वेगळा. आत्या म्हणाली, नको, स्प्रेवरच करते. ठीक आहे, पण तिला ते विचारलं तर गेलं! संमतीचा फॉर्म तर रिसेप्शनवरच्या मुलीने काकांसमोरच सरकवला. काकांनी खिशातून पेन काढलंही. मी म्हटलं, काका, नळी तिच्या घशात जाणार आहे, सही तिची. आत्याने चष्मा लावून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, मागे रांग ताटकळत होती तरी. रक्तस्राव किंवा छिद्र पडण्याचा धोका, अशी ओळ आली तिथे बोट ठेवून थांबली. डॉक्टरांनी मग दोन मिनिटं काढून सांगितलं, की साध्या तपासणीत हे फार क्वचित होतं. इतकंच हवं होतं. विचारलं की सांगतात, पण "नातेवाईक कोण?" या हाकेपुढे पेशंटने विचारायचं राहूनच जातं.

पोटातून काढलेला कणभर तुकडा त्यांनी पिवळ्या जेलच्या छोट्या पट्टीत ठेवला आणि ती टेबलावरच राहू दिली. आत्या उठून बसली, तोंड पुसलं, तोवर पिवळ्याच्या कडेला गुलाबी चढायला लागला होता. एच. पायलोरी जेलमधल्या युरियाचा अमोनिया करतो, त्याने जेलचा रंग पालटतो. हा जंतू पोटात सूज आणि अल्सर करतो हे कुणी मान्य करेना, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन घेतला, आजारी पडले आणि स्वतःची दुर्बिणीची तपासणी करवून सूज दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपण उगाच शेवभाजीला नावं ठेवत होतो." तिखटाने त्रास वाढतो, काका, तेवढं लगेच सुटू नका.

रिपोर्ट रंगीत फोटोंसह तासाभरात हातात. घरच्या ग्रुपवर तो फिरला आणि "ग्रेड बी" वाचून मावशी रडायला लागली. अन्ननलिकेच्या सुजेचे ए ते डी असे ग्रेड असतात, ए सगळ्यात सौम्य. कॅन्सरच्या स्टेजशी त्यांचा काही संबंध नाही. "अँट्रल गॅस्ट्रायटिस" म्हणजे जठराच्या खालच्या भागाला सूज. "डी-टूपर्यंत नॉर्मल" म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत बघितलं आणि ठीक आहे. बायोप्सीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र नंतर येतो, लीड्सला तर कित्येक आठवडे लागतात. तो आल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

घरी आल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत, साधारण तासभर, चहाही नाही. घसा बधिर असताना ठसका लागतो किंवा तोंड भाजतं. दिवसभर घसा खवखवतो, पोट फुगलेलं राहतं. छातीत-पोटात जोरात दुखणं, ताप, रक्ताची उलटी, काळी शी असं काही झालं तर थेट कॅज्युअल्टी. आणि तपासणीशी संबंध नसलेली एक गोष्ट: छातीत दाब आणि घाम फुटत असेल तर पित्त म्हणून दूध पीत बसू नका, आधी ईसीजी.

आत्याला दोन अँटिबायोटिक आणि पित्ताची गोळी असा चौदा दिवसांचा कोर्स दिला आहे. तोंड कडू होतं म्हणून कुरकुरते, पण अर्ध्यात सोडला तर जंतू उरतो आणि तेच औषध पुन्हा लागू पडेलच असं नाही. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून जंतू गेला का ते बघायचं, आणि त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी पुन्हा बंद. ही फेरतपासणी श्वासाची किंवा शौचाची. तेवढ्यासाठी दुर्बीण घालत नाहीत, हे मी तिला दोनदा सांगितलं आहे. डॉक्टरांनाही विचारून घे म्हटलंय, काकांना नाही, तूच विचार.