चोपडी कोणाकडे जाणार

गुरुवार, रात्री साडेदहा

दुपारी बँकेत कॅश टॅली करून उठत होते, तेवढ्यात लेकाच्या फुटबॉल अकॅडमीच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. चार ओळी. अकॅडमीचे हेड सर महिनाअखेरीस क्लब सोडत आहेत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली लोगो. पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. एका बाबांनी विचारलं, "कुठे जातायत?" त्याचं उत्तर ग्रुपवर कोणी दिलं नाही, ते संध्याकाळी फोनवर कळलं. दुसऱ्या क्लबमध्ये, दुसऱ्या राज्यात, तिथल्या अकॅडमीचे डायरेक्टर म्हणून.

लेकाला हे असं मोबाइलवरून कळू नये म्हणून मी घरी सासूबाईंना फोन केला, तो आला की फोन देऊ नका त्याला. उपयोग झाला नाही. शाळेच्या बसमध्येच कळलं होतं. मी घरी पोचले तेव्हा तो गॅलरीत बसून बूट घासत होता. बुटांना चिखल नव्हता. आज प्रॅक्टिसच नव्हती.

"आई, सर चालले."

"हो रे. वाचलं मी."

"मग माझं काय?"

मी म्हटलं, आधी जेवून घे. दुसरं काही सुचलं नाही. आता तो झोपलाय आणि मी लिहायला बसलेय.

तो नोव्हेंबरचा. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्याच्या बॅचमधली जानेवारी-फेब्रुवारीची मुलं त्याच्यापेक्षा नऊ-दहा महिन्यांनी मोठी. चाळिशीत या फरकाला कोणी विचारत नाही, पण अकराव्या-बाराव्या वर्षी तो खांद्याएवढा असतो. तीन वर्षांपूर्वी ट्रायलला गेलो तेव्हा रांगेत तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान. पहिल्याच चेंडूला एका मुलाने त्याला खांदा दिला आणि हा पार टचलाइनच्या बाहेर. मी पाण्याची बाटली पिशवीत टाकून निघायच्या तयारीत होते. सर जवळ आले आणि त्याला पहिला प्रश्न विचारला, "वाढदिवस कधी तुझा?" मग मला म्हणाले, "ताई, चेंडू यायच्या आधी तो मागे वळून बघतो. हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात. उंची काय, ती येईल तेव्हा येईल."

पुढे मला कळलं की जगभरच्या अकॅडम्यांमध्ये हेच होतं. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात आणि शेवटच्या तीन महिन्यांतली गळतात. गळतात ती बहुतेक खेळता येत नाही म्हणून नव्हे, लहान दिसतात म्हणून. आमच्या सरांनी हे नुसतं वाचलं नव्हतं. त्यांनी त्यासाठी एक चोपडी ठेवली होती.

ती चोपडी डोळ्यांसमोर आहे माझ्या. किराणावाल्याच्या गल्ल्यापाशी असते तशी, लांब, लाल कापडी बांधणीची. दर तीन महिन्यांनी मुलांना सामानाच्या खोलीत एकेक करून बोलवायचे. आधी वजन. मग भिंतीला पाठ लावून उभ्याने उंची. मग एका लाकडी पेटीवर ताठ बसवून बसल्याची उंची. मी एकदा विचारलं, बसल्याची कशाला? म्हणाले, पाय आधी वाढतात, पाठ नंतर. उभ्यातून बसल्याची वजा केली की पायांची लांबी कळते, आणि त्यावरून अंदाज येतो की मुलगा आपल्या मोठ्या वाढीच्या आधी आहे की पुढे गेलाय. बहुतेक मुलग्यांची ती वाढ तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. तोवर कोणाला कच्चा म्हणायचं नाही आणि कोणाला हिरोही म्हणायचं नाही.

प्रत्येक मुलाला एक पान. आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात शेरा. माझ्या लेकाच्या पानावर सलग पाच वेळा एकच शेरा आहे: वाट पाहायची.

शुक्रवार

ऑफिसात दिवसभर लक्ष लागलं नाही. बोरिवली ते चर्चगेट उभ्याने गेले आणि एकच विचार डोक्यात, की ती चोपडी आता कुठे जाणार.

संध्याकाळी लेक जरा बोलता झाला. तो मँचेस्टर सिटीवाला आहे, म्हणजे इंग्लंडच्या त्या क्लबचा चाहता. २०१९ मध्ये त्यांच्या ग्रुपने आपल्या मुंबई सिटी क्लबात मोठा हिस्सा घेतला, तेव्हापासून आमच्या सोसायटीत आकाशी जर्सीवाली मुलं वाढली, त्यातलाच एक. म्हणाला, "आई, तिकडेपण जातात." आणि मला सगळं सांगत बसला. जेसन विल्कॉक्स सिटीच्या अकॅडमीचे डायरेक्टर होते, त्याच अकॅडमीतून वर आलेल्या फिल फोडनच्या काळातले. २०२३ मध्ये साउदम्पटन क्लबला गेले आणि २०२४ मध्ये थेट मँचेस्टर युनायटेडला, ज्यांच्याशी सिटीचं हाडवैर. त्यांच्याही आधी सिटी सोडलेले जो शील्ड्स नावाचे एक, अकॅडमीसाठी मुलं हेरायचं काम त्यांच्याकडे होतं. ते २०२२ मध्ये साउदम्पटनला गेले आणि त्याच उन्हाळ्यात साउदम्पटनने सिटीची चार तरुण पोरं घेतली. मग ते चेल्सीत गेले, आणि पुढच्या वर्षी साउदम्पटनमधून रोमिओ लाव्हिया आणि सिटीतून कोल पामर, दोघंही चेल्सीत. बोटांवर मोजून सांगत होता.

मग थांबून विचारलं, "सर मला नेतील?"

म्हणजे एवढा सगळा इतिहास त्याने यासाठी मांडला होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. नववीतला मुलगा, हल्ली करू देत नाही, आज करू दिलं.

शनिवार, दुपारी

सकाळी पालकांची मीटिंग झाली. सर, क्लबचे मॅनेजर आणि आम्ही चाळीसेक आईबाप, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

सुरुवातीलाच एका बाबांनी आवाज चढवला, तुम्ही आमच्या मुलांना मध्येच सोडून चाललात. मला ते पटलं नाही आणि मी तिथेच तसं बोलले. नऊ वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या मैदानावर अकॅडमी चालवतोय. मुंबईत मैदान म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे. परीक्षा आल्या की शाळेचं मैदान बंद, डिसेंबरात लग्नाचे हॉल, नवरात्रात गरबा. एका वर्षी नवरात्राचे दिवस पूर्ण गेले तेव्हा सरांनी मुलांना वर्सोव्याच्या वाळूवर नेलं. आमच्यातला एक मुलगा कोळीवाड्यातला. त्याचे वडील रोज सकाळी सरांना फोन करून सांगायचे, आज सुकती, म्हणजे ओहोटी, अमुक वाजता. त्या वेळा चोपडीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या असत, आणि त्याप्रमाणे आमची साठ-सत्तर मुलं ओल्या वाळूवर पासिंग करत. पाणी वर आलं की प्रॅक्टिस संपली.

आणि दहावी. दहावी आली की आपल्याकडे मुलाचे बूट माळ्यावर जातात. सर अशा प्रत्येक घरी स्वतः जायचे. चहा घ्यायचे, मार्कशीट मागायचे, आणि सांगायचे की याला आठवड्यातून दोन दिवस एकच तास द्या, बाकीचा अभ्यास मी विचारतो. आणि खरंच विचारायचे. वॉर्मअपला पळता पळता मुलांना भूमितीची प्रमेयं म्हणायला लावलेली मी ऐकली आहेत.

इतकं करून करार दर वर्षाचा. २०२५ मध्ये तर आयएसएल, म्हणजे देशातली मोठी फुटबॉल लीगच, ठरल्या वेळी सुरू झाली नाही. देशातले मोठे क्लब हात आखडून बसले तिथे अकॅडम्यांची काय कथा. आता समोरून तीन वर्षांचा करार आणि क्लबचं स्वतःचं मैदान मिळत असेल, तर त्यांनी जावं. घरी त्यांनाही दोन मुलं आहेत.

मग तो प्रश्न आलाच, मुलांना तुमच्यासोबत पाठवलं तर? सर लगेच म्हणाले, "नाही. चौदा वर्षांचं मूल आईवडिलांपासून तोडून नेण्याइतकं मोठं कारण माझ्याकडे नाही. सोळा झाल्यावर त्याला वाटलं तर ट्रायलला यावं, सगळे येतात तसं. मी कोणालाही फोन करणार नाही." दोन-तीन चेहरे उतरले. माझ्या मनातही कुठेतरी तो विचार होताच. रात्री हिशेबसुद्धा मांडून झाला होता, हॉस्टेल, शाळा, येण्याजाण्याची गाडी.

मी हात वर केला आणि विचारलं, "चोपडी कोणाकडे जाणार?"

मॅनेजर म्हणाले, मॅडम, सगळा डेटा सिस्टीममध्ये आहे. मी म्हटलं, उंची-वजन असेल. माझ्या मुलाला दीड वर्षापूर्वी गुडघ्याखाली दुखायला लागलं तेव्हा आम्ही घरचे समजत होतो की तो शाळा बुडवायला कारणं काढतोय. सरांनी त्या हाडाच्या टेंगळावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हाड भराभर वाढतंय, मांडीचा स्नायू तिथे ओढतोय, उड्या बंद करा, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी ऑसगुड श्लॅटर असं नाव सांगितलं, आणि उपाय तोच. हे सिस्टीममध्ये कुठल्या रकान्यात आहे? कोणता मुलगा वडील बघायला आले की बिघडतो, कोण डबा आणत नाही, कोणाला ओरडायचं नाही, हे कुठे आहे?

आवाज थोडा चढला माझा. पण मला ते विचारायचंच होतं. सर जातायत याचा मला राग नाही. नऊ वर्षं एक माणूस शंभर मुलं डोक्यात घेऊन फिरत होता आणि त्याच्या शेजारी दुसरं कोणी बसवावं असं क्लबला एकदाही वाटलं नाही, याचा आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांनीच आम्हाला फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, एक नियम समजावला होता. मी बँकेतली, म्हणून तो माझ्या डोक्यात पक्का बसला. करार चालू असलेला खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात नेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पंधरा वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षाचा पाव टक्का, पुढे प्रत्येक वर्षाचा अर्धा टक्का. किती बारीक हिशेब आहे! बाराव्या वर्षी कोणाकडे खेळला याचीसुद्धा नोंद. पण ती नोंद क्लबच्या नावाने होते. ज्याने पेटीवर बसवून पाठ मोजली आणि वाट पाहायची असं लिहिलं, त्या माणसासाठी त्यात ओळ नाही.

मॅनेजरांनी लिहून घेतलं, बघतो म्हणाले. सर काही बोलले नाहीत. मीटिंग संपल्यावर बाटल्या गोळा करणाऱ्या धाकट्या कोचला त्यांनी हाक मारली. तो पोरगेलासा मुलगा, दोन वर्षांपूर्वी आला, दहा वर्षांखालच्या बॅचला शिकवतो. दोघं पायऱ्यांवर बसले आणि सरांनी चोपडी उघडली. मी रिक्षाची वाट बघत उभी होते. सर एकेक पान उलटून नाव वाचत होते, मग बोलत होते, आणि तो मांडीवर वही ठेवून उतरवून घेत होता. रिक्षा मिळेपर्यंत त्यांची तीन पानं झाली होती.

रविवार

लिहिण्यासारखं काही नाही. मुलांनी सरांसाठी वर्गणी काढली, प्रत्येकी पन्नास. काय घ्यायचं यावर भांडणं.

पुढचा गुरुवार

सर काल गेले. स्टेशनवर मुलं गेली होती, आम्ही मोठे गेलो नाही. भेट म्हणून मुलांनी शेवटी नवी लाल चोपडी घेतली, पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या. जुनी सरांनी क्लबच्या कपाटात न ठेवता धाकट्या कोचच्या हातात दिली, असं लेक म्हणाला.

आज तीन महिन्यांचं मोजमाप होतं. मला वाटलं होतं या वेळी राहील. साडेआठला लेक आला, पिशवी दारात टाकली, सरळ स्वयंपाकघरात.

"मोजलं?"

"हो. दीडशे पॉइंट पाच." तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटर. सरांना कळवायला हवं, हे माझ्या मनात आलं आणि त्याच्याही तोंडावर दिसलं. तो पोळीचा तुकडा तोडत उभा राहिला.

"आणि कोचनी विचारलं, उजवा गुडघा कसा आहे."

"तुझा तर डावा दुखतो."

"तेच सांगितलं मी. मग त्यांनी खोडलं आणि डावा लिहिलं. आणि हात लावून बघितला."