पहारा आणि प्रहर

इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत माझ्या लहानपणी एक चौकीदार रात्रभर फिरत असे. विजेच्या खांबावर काठीचे ठोके देत तो पुढे जाई आणि ते ठोके मोजून आजी अंधारातच सांगत असे, ‘दोन वाजले, झोप आता.’ आजी त्याला पहारेकरी म्हणे. पहारा म्हणजे पाहणे, लक्ष ठेवणे, म्हणून तो ‘पाहणे’ या क्रियापदावरूनच आला असणार, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो.

ही समजूत मोडली ती घराबाहेरच्या हिंदीमुळे. हिंदीत पाहण्याला ‘देखना’ म्हणतात, ‘पाहणे’ तिथे नाहीच. तरीही ‘पहरा’ आहे आणि त्याच्या शेजारीच ‘पहर’ व ‘दोपहर’ नांदत आहेत. गुजरातीत ‘पहेरो’ आहे, बंगालीत ‘पाहारा’ आहे. या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतातला ‘प्रहर’ आहे, म्हणजे दिवसरात्रीचा आठवा भाग, साडेसात घटका किंवा आजचे 3 तास. एकेका प्रहरापुरती राखणीची पाळी असे आणि त्या पाळीचेच नाव पुढे राखणीला पडले. आपली ‘दुपार’ही ‘द्विप्रहर’ या शब्दाचीच लेक, त्यामुळे दुपार आणि पहारा हे सख्खे नातलग ठरतात, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

संस्कृतात याचा समांतर दाखला आहे. प्रहराला तिथे ‘याम’ असाही शब्द आहे, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला म्हणतात ‘यामिक’. डोळ्यांचा उल्लेख नाही, नजरेचा नाही. केवळ वेळेवरून माणसाला नाव पडले. ‘प्रहर’ या शब्दाचा मूळ अर्थ तर ठोका असा आहे, कारण काळाचा एक भाग संपला की तास वाजवून तो जाहीर केला जाई. ‘प्रहार’ हा शब्द त्याच धातूचा. खांबावरच्या त्या काठीचा आवाज मला आता निराळाच ऐकू येतो.

आमच्या घरात हल्लीची मुले हिंदीच्या सवयीने ‘पहारेदार’ म्हणतात. त्यातला ‘दार’ फारसी आहे आणि शब्द काही चुकीचा नाही, पण मी मात्र त्यांच्यासमोर आवर्जून ‘पहारेकरी’च म्हणतो, शेतकरी, वारकरी, गावकरी यांच्या रांगेतला तो शब्द आजीच्या तोंडून आलेला आहे.