नवा की-बोर्ड आणि माझा हावरटपणा

आज दुकानात यामाहाचा पीएसआर-एसएक्स ९२० तासभर वाजवून पाहिला. घरी २०१९ साली आलेलं एसएक्स ९०० मॉडेल आहे. २०२४ मध्ये हा आल्यापासून हात शिवशिवत होते. आवाज खुललेत, मान्य. पण पट्ट्या त्याच ६१! निदान ७६ तरी द्यायच्या ना राव. आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवर आणखी जोर दिला की आवाज बदलण्याची सोय) याही खेपेला नाही, स्क्रीनही तीच सात इंची.

शिवाय जुन्यावर दादरा-केहरव्याचे ठेके मी स्टाइल क्रिएटरमध्ये (की-बोर्डातल्या स्वतःचे ठेके बनवायच्या सोयीत) एकेक ठोका टाकून बसवलेत. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलली की अख्खा वाद्यवृंद निमूट मागे येतो, आणखी काय हवं?

दुकानदाराने एक्सचेंजचा आकडा सांगितला. वर घालायच्या पैशांत दणकट स्पीकरची जोडी येईल. छोट्या हॉलसाठी कुठले घ्यावेत, सुचवा मंडळी!