मिनीबसमध्ये पाच माणसांचा संसार मांडताना

फिरत्या घराविषयी कोणी चौकशी केली की पहिला प्रश्न बहुधा सौर पॅनेलचा असतो आणि दुसरा शौचालयाचा. दोन्ही गोष्टी गरजेच्या आहेत यात शंका नाही, पण त्या बाजारात विकत मिळतात आणि एकदा बसवल्या की तो विषय बराचसा मिटतो. बाराही महिने गाडीतच राहणाऱ्या कुटुंबाला खरे सुख लाभते ते दोन वेगळ्याच गोष्टींमुळे, असे माझे ठाम मत झाले आहे. गाडी आतून कोरडी राहिली पाहिजे, आणि घरातल्या प्रत्येक माणसाला व रोजच्या प्रत्येक कामाला स्वतःची ठरलेली जागा मिळाली पाहिजे. या दोन गोष्टी पैशांपेक्षा विचाराने साधतात, म्हणून त्यांवर सविस्तर लिहावेसे वाटले.

साताऱ्यात शाहूपुरीतले भाड्याचे घर सोडून आम्ही या गाडीत राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, माझे पती, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गाडी पूर्वी शाळेची मिनीबस होती. तिची आतली बांधणी आम्ही बॉडी बांधणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडून करून घेतली. जुनी गाडी घेऊन असे काम करण्याचा विचार असेल, तर सुताराला बोलावण्याआधी आरटीओची पायरी चढावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत. शिवाय विम्याचा दावा करण्याची वेळ आली, तर हीच कागदपत्रे पाहिली जातात.

आता कोरडेपणाविषयी. पत्र्याच्या गाडीत उन्हाळ्याचा त्रास सर्वांना दिसतो. ओलीचा त्रास मात्र दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डिसेंबरात महाबळेश्वरला किंवा पाचगणीला मुक्काम केला आणि काचा पूर्ण बंद करून झोपलो, तर पहाटे काचांवरून पाण्याचे ओघळ उतरू लागतात. हे पाणी बाहेरून आलेले नसते. पाच माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड पत्र्याला आणि काचेला लागून तिचे पाणी होत असते. स्वयंपाकाचा गॅस त्यात भर घालतो. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, आणि भाताच्या व आमटीच्या वाफा त्याहून वेगळ्या. दगडी किंवा विटांच्या घरात एवढी ओल कुठल्या कुठे जिरून जाते, पण बसच्या आत ती गाद्यांखाली, कपाटांच्या पाठीशी आणि पुस्तकांच्या कडांमध्ये साठत राहते.

म्हणून भिंतींच्या आत काय भरायचे हे आम्ही सजावटीच्या फार आधी ठरवले. काचतंतूंची लोकर स्वस्त मिळते, पण ओल आत शिरली की ती धरून ठेवते, त्यामुळे ती टाळून बंद पेशींचा फोम घेतला. बसच्या लोखंडी बरगड्यांच्या मधल्या पोकळीत हा फोम भरला, तरी बरगडीतून थंडी आणि उष्णता आत येतेच. म्हणून बरगड्यांवरूनही काळ्या नायट्राइल रबराचा पातळ थर सलग चिकटवून घेतला आणि त्यावर प्लायवूड बसवले. छताला बाहेरून पांढरा रंग दिला. सौर पॅनेल छताला चिकटवून न बसवता खाली चार बोटांची मोकळी जागा सोडली. पॅनेल तापले की वीज कमी देते, आणि मधून हवा खेळली तर पॅनेलही थंड राहते व त्याची सावली पडून छतही कमी तापते. मागच्या बाजूला छतात हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा पंखा आहे. रात्री तो मंद गतीने चालू ठेवून पुढची एक खिडकी थोडीशी उघडी ठेवली, की काचा बऱ्याच कोरड्या राहतात. थंडीत खिडकी उघडी ठेवायला घरातील मोठ्या माणसांचा विरोध होतो, तो प्रेमाने पण ठामपणे मोडून काढावा.

गाद्यांखाली अखंड फळी नको. आमच्या सर्व बिछान्यांखाली बोटभर अंतर सोडून पट्ट्या मारलेल्या आहेत आणि गाद्या कापसाच्या आहेत, म्हणजे सकाळी उचलून बाहेर उन्हात टाकता येतात. पांघरायला सासूबाईंनी जुन्या नऊवारी लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा आहेत. त्या घडी घालून कमी जागेत मावतात, तासाभराच्या उन्हात वाळतात आणि मुलांना त्यांच्याशिवाय झोप येत नाही. चालकाची जागा आणि घर यांच्यामध्ये पडदा म्हणून माण भागातली धनगरी घोंगडी टांगली आहे. पुढची मोठी काच हीच गाडीतली सर्वांत थंड आणि सर्वांत गरम जागा असते. जाड लोकरीच्या या घोंगडीइतके काम दुकानात मिळणाऱ्या चकचकीत पडद्यांनीही केले नाही. शिवाय संध्याकाळी ती ओढून घेतली की गाडीची गाडी संपते आणि घर सुरू होते, हे मुलांनाही कळते.

पावसाळ्याचा उपाय मात्र गाडीच्या आत नसून नकाशावर आहे, आणि या बाबतीत सातारकर नशीबवान आहेत. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरही मोठ्या मुश्किलीने. त्यामुळे जून लागला की आम्ही घाटमाथ्याकडे पाठ फिरवतो आणि दहिवडी-म्हसवडच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर मुक्काम हलवतो. तिथे ऊनही मिळते, म्हणजे वीजही मिळते. कास पठाराच्या फुलांना जाऊन यायचे ते तेवढ्यापुरते.

स्वयंपाकघराबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. फिरत्या घरांचे जे तयार आराखडे पाहायला मिळतात, ते डबाबंद अन्न गरम करून खाणाऱ्यांसाठी काढलेले असावेत असे वाटते, कारण त्यांत परातीला जागा नसते. पाच माणसांच्या भाकरीचे पीठ ज्या परातीत मळायचे ती ओट्यावर सपाट बसली नाही, तर त्या ओट्याचा उपयोग काय? आम्ही आधी परात, तवा आणि पाच लिटरचा कुकर कारागिराच्या हातात दिला आणि मग ओट्याची मापे घ्यायला सांगितली. भाकरी थापताना खांद्याचा जोर लागतो, म्हणून ओट्याखालून बाहेर ओढता येणारी एक जाड फळी चार बोटे खालच्या पातळीवर करून घेतली. तिच्या तीन बाजूंना पट्टी आहे, त्यामुळे पीठ जमिनीवर सांडत नाही, आणि ओढून झाल्यावर खालची कडी लावली की ती जराही हलत नाही. दुपारी याच फळीवर मुलगा अभ्यासाला बसतो. मिसळणाचा डबा घट्ट झाकणाचा आहे आणि त्याच्यासाठी नेमका त्याच्याच मापाचा कप्पा आहे, कारण खंबाटकी घाटाच्या वळणांवर हळद एकदा सांडली की ती आयुष्यभर सोबत करते. स्टीलच्या ताटांच्या मध्ये जुन्या फ्लॅनेलचे गोल तुकडे घातले आहेत. चालत्या गाडीत भांड्यांचा खडखडाट थांबला की माणसांचे बोलणे आपोआप शांत होते.

शेगडी गॅसचीच आहे. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर १५०० वॅट मागते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या घरात विद्युतप्रवाह ओढला जातो, आणि आमची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सगळी मिळून अडीच युनिटच वीज साठवते. ती वीज फ्रिज, पंखे, दिवे आणि पतींच्या कामाचा लॅपटॉप यांनाच पुरवलेली बरी. गॅसची पाच किलोची टाकी बाहेरून उघडणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली बसतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळालाच बाहेरच्या हवेत उघडणारे भोक हवे. गाडी निघण्यापूर्वी टाकीचा कॉक बंद करण्याचे काम मुलीकडे आहे आणि ती ते अत्यंत जबाबदारीने करते. फोडणीसाठी दार उघडे ठेवतो. बंद गाडीतल्या लसणाच्या फोडणीचा वास उशांमध्ये मुक्कामाला राहतो.

पाण्याचे थोडक्यात सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे आमच्या दीडशे लिटरच्या टाक्या खाली, चाकांच्या दोन आसांच्या मध्ये बसवल्या आहेत. सर्व सामान भरून झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नक्की नेऊन पाहावी. उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. आधी फक्त पुढची चाके आणि मग पूर्ण गाडी असे वजन घेतले, की भार कुठे जास्त आहे ते समजते. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी रस्त्यावर किंवा नदीकाठी सोडत नाही, शेतकऱ्याला विचारून झाडांच्या आळ्यात सोडतो.

आता माणसांच्या जागा. पाच माणसे एवढ्या कमी जागेत प्रेमाने राहतात, पण प्रेमालाही अधूनमधून पडदा लागतो. दोन्ही मुलांना एकावर एक बर्थ आहेत. प्रत्येकाला स्वतःचा दिवा, स्वतःचा पंखा, एक छोटी फळी आणि आतून ओढायचा जाड सुती पडदा दिला आहे. पडदा ओढलेला असला की त्या माणसाला हाक मारायची नाही, हा आमच्या घरातला सर्वांत कडक नियम आहे आणि तो मोठ्यांनाही लागू आहे. गाडी थांबल्यावर चालकाची जागा हे पतींचे कार्यालय होते आणि रात्री सगळे झोपल्यावर तीच जागा माझी असते. माझे मुद्रितशोधनाचे काम मी तिथेच करते. गाडी चालू असताना मात्र बर्थवर कोणीही झोपायचे नाही, सर्वांनी पट्टा लावून आसनांवरच बसायचे.

सासूबाईंचा बिछाना दाराजवळ आणि गुडघ्याच्या उंचीवर आहे, कारण त्यांना रात्री उठावे लागते. दारात पकडायला उभा दांडा आणि पायऱ्यांवर मंद दिवा आहे. त्यांच्या उशाशी भिंतीत पक्का बसवलेला देव्हारा आहे. निरांजन फक्त गाडी उभी असताना, गॅसपासून दूर, त्यांच्या देखरेखीखाली लागते. तुळशीची कुंडी प्रवासात न्हाणीघरात ठेवतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत आधी तीच खाली उतरते. वस्तीवरच्या बायका ती पाहून बोलायला येतात, आणि त्यांच्याशी ओळख झाली की पुढच्या आठवड्याचे दूध, भाजी आणि सोबत या तिन्हींची सोय सासूबाई परस्पर लावतात. घर ओळखीने भरते, आणि ते काम आम्हां कोणालाही त्यांच्याइतके जमत नाही.

सध्या प्रश्न मुलीच्या उंचीचा आहे. तिचे पाय बर्थच्या पायथ्याला टेकू लागले आहेत, त्यामुळे तिथले कपड्यांचे कपाट काढून बर्थ अर्ध्या फुटाने वाढवायचा आणि कपडे तिच्या गादीखालच्या खणांत हलवायचे असे ठरले आहे. खणांच्या तळाला हवा जाण्यासाठी भोके पाडावी लागतील, म्हणून मापे घेऊन ठेवली आहेत. दिवाळीपूर्वी साताऱ्यात परतलो की ते काम करून घेऊ.