आमची वाटचाल : फोटोच्या परवान्यापासून छापील कागदापर्यंत

आमचं काम थोडक्यात असं : ग्राहकाला हवा तसा फोटो शोधायचा, तो कशासाठी वापरायचा आहे ते पाहून परवाना घ्यायचा आणि नीट छापून द्यायचा. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट पुष्कळ जण करतात. मधली करणारे कमी, आणि आमची फर्म उभी राहिली ती या मधल्या गोष्टीवर.

सुरुवात दोघांनी केली. मी लेआउट करायचो, दादा प्रीप्रेस (छपाईआधीची तयारी) आणि छपाई बघायचा. आजही वाटणी तीच आहे. तेव्हा स्टॉक फोटो (आधीच काढून ठेवलेले, परवान्यावर वापरायला मिळणारे फोटो) म्हणजे एजन्सीचा जाडजूड कॅटलॉग. त्यातला नंबर कळवायचा, मग ट्रान्सपरन्सी, म्हणजे फोटोची पारदर्शक फिल्म किंवा स्लाइड, कुरियरने यायची. लाइटबॉक्सवर ठेवून लूपमधून (छोट्या भिंगातून) बघायची, ड्रम स्कॅनरवर स्कॅन करून छपाईच्या चार शाईंसाठी रंग वेगळे काढायचे (सेपरेशन) आणि ओरखडा न पडू देता मूळ ट्रान्सपरन्सी परत पाठवायची. हरवली तर भरपाई द्यावी लागे. म्हणून दादाने एक वही ठेवली होती : कोणती स्लाइड, कोणाच्या कामासाठी, कधी आली, कधी परत गेली. पुढे स्लाइड बंद झाल्या, वही मात्र राहिली. आज ती कॉम्प्युटरवर आहे आणि आमचं सगळं काम तिच्यावरच चालतं.

हा धंदा आमच्या फार आधीचा. एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी अमेरिकेत १९२० मध्येच तयार फोटो वापरायला देणारी एजन्सी काढली होती. ऑटो बेटमन १९३५ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आले ते चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन, आणि त्यातून बेटमन आर्काइव्ह उभं राहिलं. १९९५ मध्ये हा संग्रह बिल गेट्स यांच्या कॉर्बिस या कंपनीने विकत घेतला. काळ बदलला तरी व्यवहाराचं मूळ तेच आहे. फोटोची मालकी फोटोग्राफरकडे किंवा संग्रहाकडे राहते, आपल्याला मिळतो तो ठरावीक वापर.

स्लाइडच्या काळात हा वापर फार बारकाईने ठरायचा. फोटो मुखपृष्ठावर की आत? पानभर की पाव पान? किती प्रती, कोणत्या देशांत, किती काळ? या प्रश्नांच्या उत्तरांवर रक्कम ठरायची. या पद्धतीला राइट्स-मॅनेज्ड म्हणतात. वेळ जायचा, फोन व्हायचे, पण कामाची शिस्त आम्हाला तिथेच लागली. कोणतंही काम हातात घेताना हे प्रश्न आम्ही आजही विचारतो, एजन्सी विचारो न विचारो.

नव्वदच्या दशकात फोटोडिस्कसारख्या कंपन्यांच्या रॉयल्टी-फ्री सीडी आल्या. मग २००० मध्ये आयस्टॉकफोटो, २००३ मध्ये शटरस्टॉक ही संकेतस्थळं. फोटो काही मिनिटांत उतरवता येऊ लागला. एकदा रक्कम भरली की प्रत्येक वापरासाठी वेगळी मोजायची नाही, एवढीच सवलत यात आहे. अटी सगळ्या जागच्या जागी असतात. फरक इतकाच, की पूर्वी त्या अटी एजन्सीचा माणूस फोनवर समजावून सांगायचा आणि आता त्या डाउनलोडच्या बटणाखालच्या दुव्यात असतात. त्या वाचून ग्राहकाला त्याच्या कामापुरत्या सांगणं, हे आम्ही आमचं काम मानलं. धंदा वाढला तो इथून.

उदाहरणादाखल कॅलेंडर घ्या. एखादी कंपनी आपल्या ग्राहकांना मोफत वाटण्यासाठी कॅलेंडर छापते, तेव्हा साधारणपणे स्टँडर्ड परवाना पुरतो. तेच कॅलेंडर दुकानात विकायला ठेवलं तर गणित बदलतं, कारण तिथे माणूस पैसे मोजतो ते मुख्यतः फोटोसाठी. त्याला एक्स्टेंडेड परवाना लागतो. टी-शर्ट, कॉफीचे मग, पोस्टर, भेटकार्ड, सगळ्यांना हाच नियम. स्टँडर्ड परवान्यात छापील प्रतींवरही मर्यादा असते. मोठ्या एजन्सींकडे ती बहुधा ५,००,००० प्रतींची आहे. छोट्या माहितीपत्रकाला हा आकडा कधीच आड येत नाही. एखाद्या उत्पादनाच्या वेष्टनावर फोटो गेला की मात्र तो बघता बघता गाठला जातो. काही एजन्सींच्या नियमांत ऑफिस किंवा हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी लावायलाही वरचा परवाना घ्यावा लागतो. म्हणून मोठी फ्रेम मागायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी विचारतो, ही घरात लागणार की कामाच्या जागी?

लोगोचा प्रश्न तर नेहमीचा. स्टॉक फोटो किंवा स्टॉक चित्र लोगोत वापरून त्यावर ट्रेडमार्क घेता येत नाही, कारण तेच चित्र उद्या दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. इथे आम्ही काम नाकारतो आणि चित्रकाराकडून नवं करून घ्यायला सांगतो.

परवाना कोणाच्या नावावर घ्यायचा, याबाबत आमची पद्धत ठाम आहे : ग्राहकाच्या. एका ग्राहकासाठी घेतलेला फोटो आमच्या हार्ड डिस्कवर आहे म्हणून दुसऱ्याच्या कामात वापरता येत नाही. प्रत्येक ग्राहकासाठी नवा परवाना. त्याची पावती, फोटोचा क्रमांक, फोटोग्राफरचं नाव आणि त्या तारखेला लागू असलेल्या अटींची प्रत आम्ही जॉब कार्डाला जोडतो आणि छपाईच्या बिलासोबत ग्राहकालाही देतो. अटी पुढे बदलतात, संग्रह विकले जातात, कधी फोटोच संकेतस्थळावरून काढला जातो. अशा वेळी कोणी पत्र पाठवून विचारणा केली, तर ग्राहकाच्या हाती ही कागदपत्रं असली पाहिजेत.

माणसांचे फोटो हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. जाहिरातीत चेहरा वापरायचा तर त्या व्यक्तीची लेखी संमती, म्हणजे मॉडेल रिलीज, हवी. खासगी इमारत, कलाकृती वगैरे असेल तर प्रॉपर्टी रिलीज. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असलेल्या फोटोंना बहुधा यातलं काहीच नसतं. गर्दी, मोर्चे, खेळाडू, दुकानांच्या पाट्या यांचे असे फोटो बातमीत किंवा लेखात चालतात, जाहिरातीत नाहीत. आणि त्यांत फेरफारही करायचा नसतो. इमारतीवरच्या हक्काचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे आयफेल टॉवर. दिवसाच्या फोटोला अडचण नाही, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क सांगितला जातो, म्हणून तसा फोटो व्यावसायिक कामासाठी घेताना परवानगीचा प्रश्न येतो.

रिलीज असली तरी काम संपत नाही. आजार, व्यसन, कर्जबाजारीपणा अशा विषयांवर एखाद्याचा चेहरा छापला, तर वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस खरोखर त्यातून जातो आहे. एजन्सींच्या अटींत यासाठी वेगळं कलम असतं. आम्ही अशा पत्रकावर ‘छायाचित्रातील व्यक्ती मॉडेल आहे’ अशी ओळ वाचता येईल एवढ्या अक्षरांत टाकतो, आणि शक्य तिथे चेहराच टाळतो : हात, पाठमोरी आकृती, रिकामी खुर्ची. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाशी आमची कधी भेट होणार नाही, पण त्याच्या चेहऱ्याची जबाबदारी आमच्या हातात आलेली असते. ही गोष्ट आम्ही दोघेही मनापासून मानतो.

फोटो एकट्याला मिळत नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगावं लागतं. २००४ मध्ये डेल आणि गेटवे या दोन प्रतिस्पर्धी कॉम्प्युटर कंपन्यांच्या जाहिरातींत एकाच स्टॉक सत्रातली एकच तरुणी झळकली होती. म्हणून निवड पक्की करण्याआधी आम्ही फोटोचा उलटा शोध (फोटोवरूनच इंटरनेटवर शोध) घेतो आणि तो त्याच व्यवसायात आणखी कुठे दिसतो का ते पाहतो. याच्या अगदी उलट टोकाला विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी. चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला तो फोटोही स्टॉकमध्येच होता; मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये त्याचे सगळे हक्क विकत घेतले. असं करणं परवडणारे थोडेच.

आता छपाई. इथून पुढे दादाचं राज्य. त्याचा पहिला प्रश्न असतो पिक्सेलचा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० पिक्सेल. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो २० गुणिले १३ इंचांपर्यंत उत्तम जातो. ए४ पानाला २४८० गुणिले ३५०८ पुरतात. चार-पाच फुटांवरून बघायच्या पोस्टरला १५० चालतात, रस्त्यावरच्या फलकाला त्याहून कितीतरी कमी. ग्राहकाचा फोटो लहान असेल तर सॉफ्टवेअरने फुगवण्यापेक्षा त्याच संग्रहातून मोठी फाइल उतरवणं चांगलं.

दुसरा प्रश्न रंगाचा. स्टॉकमधले बहुतेक फोटो एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत, आणि पडद्यावर उठून दिसतील असे भडक केलेले असतात. चार शाईंच्या छपाईत तो निळा आणि तो पोपटी निघतच नाही. गुळगुळीत आर्ट पेपर आणि साधा मॅपलिथो कागद एकाच फाइलला वेगवेगळे वागतात, म्हणून कागद ठरल्याशिवाय दादा फाइल सीएमवायकेत, म्हणजे चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलत नाही. कागदाला धरून प्रोफाइल (रंग कसे बदलायचे ते सांगणारी फाइल) निवडायचं, शाईचं एकूण प्रमाण त्या कागदाला झेपेल एवढं ठेवायचं (कोट न केलेल्या कागदाला जास्त शाई दिली की ती वाळत नाही, मागच्या पानाला लागते), आणि मग प्रूफ, म्हणजे तपासणीची नमुना प्रत, काढायचं. प्रूफ बघायचं ते ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त गाळली जाते तीही हीच. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवरून आम्ही रंगाची मंजुरी घेत नाही.

क्रॉपचं काम माझ्याकडे. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवताना शीर्षकाला जागा हवी, कटिंगसाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारा जादा भाग) हवा. म्हणून मी कडेला मोकळं आकाश किंवा भिंत असलेले फोटो शोधतो. कॅनव्हास फ्रेमवर गुंडाळायचा तर कडांना आणखी इंच-दोन इंच लागतात. मोठ्या आकाराच्या प्रतींसाठी आम्ही पुढे पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंटर घेतला. आम्लविरहित कॉटन पेपरवरची ती प्रत पूर्ण वाळल्याशिवाय काचेआड जात नाही, घाई कितीही असो.

मोफत फोटोंबद्दल नेहमी विचारलं जातं. आम्ही ते आनंदाने वापरतो, पण निवडून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये ३,७५,००० हून अधिक प्रतिमा सीसी० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या विनाअट परवान्याखाली खुल्या केल्या. जुनी चित्रं, नक्षी, वस्त्रं यांसाठी तो खजिना आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या इतर परवान्यांत श्रेय द्यावं लागतं, काहींत व्यावसायिक वापर किंवा बदल चालत नाही. श्रेयाची ओळ कुठे छापायची, हे आम्ही लेआउटच्या पहिल्या दिवशीच ठरवतो. मोफत संग्रहातला ओळखू येणारा चेहरा मात्र आम्ही जाहिरातीत घेत नाही. त्याच्या संमतीची खात्री तिथे कोणी देत नसतं.

२०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमा आल्या. गेटी या मोठ्या फोटो एजन्सीने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्या घ्यायला नकार दिला, अडोबी स्टॉकने डिसेंबरमध्ये लेबल लावून स्वीकारायला सुरुवात केली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत निर्णय दिला, की यंत्राने तयार केलेल्या त्यातल्या चित्रांना कॉपीराइट नाही. पार्श्वभूमी, पोत, अमूर्त आकार यांना आम्ही त्या प्रतिमा वापरतो. खरी जागा, खरं उत्पादन, खरा माणूस दाखवायचा असेल तिथे वापरत नाही.

गेटीने २०२० मध्ये क्रिएटिव्ह (बातमीबाहेरच्या, जाहिरातीसारख्या कामांच्या) फोटोंसाठी राइट्स-मॅनेज्ड पद्धत बंद केली, तेव्हा ठरावीक काळ फक्त आपल्याकडेच राहील असा फोटो मिळण्याची एक वाट बंद झाली. तशी गरज असलेले ग्राहक आमच्याकडे होते. त्यामुळे गेली काही वर्षं आम्ही थेट फोटोग्राफरांशी करार करतो. एका पानाचा करार आहे : वापर कोणता, किती प्रती, किती वर्षं दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, मूळ फाइल किती मोठी, रिलीज कोणाकोणाच्या, नाव कुठे छापायचं. दुसरी आवृत्ती निघाली की फोटोग्राफरला दुसरं मानधन. हे कलम काढावं असं काही ग्राहक सुचवतात. आम्ही ते ठेवतो. सध्या अशा फोटोंचा आमचा स्वतःचा छोटा संग्रह तयार होतो आहे, आणि त्याची नोंद दादाच्या त्याच वहीत होते.