तुम्ही विचारलंत म्हणून : तो तर तिला मारतोय, मग प्रेम कुठे आहे?

प्राचीन ग्रीक चित्रकार एक्झेकियासच्या ॲम्फोराचा, म्हणजे दोन कानांच्या घड्याचा, फोटो दाखवला की हा प्रश्न हमखास येतो. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक वीर अकिलीस ॲमेझॉनांच्या, म्हणजे लढवय्या स्त्रियांच्या, राणीला, पेंथेसिलियाला, भाल्याने मारतो आणि तिचा जीव जात असतानाच तिच्या प्रेमात पडतो, ही ती कथा. चित्रात मात्र भाला दिसतो, गळ्यातून उडणारं रक्त दिसतं. प्रेम दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे.

घडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उंची सुमारे 41 सेंटीमीटर, काळ इ.स.पू. 540 ते 530च्या आसपासचा. घडवला अथेन्समध्ये, सापडला इटलीत, व्हुल्चीला. दोघांची नावं शेजारी लिहिलेली आहेत, त्यामुळे ओळखीबद्दल शंका नको.

आता भाला सोडा आणि चेहरे पाहा. अकिलीसचं शिरस्त्राण तोंडावर ओढलेलं आहे, आतून उरलाय तो फक्त डोळा. पेंथेसिलियाचा चेहरा पूर्ण उघडा. ती खाली कोसळतेय, पण मान मागे वळवून त्याच्याकडेच बघतेय. त्याचा डोळा गोल, तिचा बदामी. स्त्री-पुरुषांचे डोळे वेगळे काढायची तेव्हाची रीतच होती, पण इथे एक्झेकियासने ते एकमेकांवर रोखले आहेत. प्रेम आहे ते तिथे.

हे साधलं कसं, ते कारागिरीत आहे. आकृती रंगाने काढत नसत. घड्याचीच माती पाण्यात निवळवून तिचा अगदी बारीक लेप करायचा, त्याने आकृती भरायची आणि टोकदार हत्याराने लेप खरवडून बारकावे कोरायचे. ओरखडा चुकला की पुसता येत नाही. मग भट्टी, एकाच भाजणीत तीन टप्प्यांची. आधी मोकळी हवा, सगळं लाल. मग 900 अंशांच्या वर नेऊन हवा कोंडायची, सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडायची. घड्याचं अंग परत लाल होतं, लेप मात्र वितळून काचेसारखा मिटलेला, हवा आत न घेणारा असल्याने काळाच राहतो. आच कमी पडली तर लेप मिटत नाही आणि तोही लालसर होतो. पातळ लागला तर तपकिरी दिसतो.

बायकांच्या अंगाचा पांढरा रंग म्हणजे काळ्या लेपावर चढवलेली पांढरी माती. तिची पकड कच्ची. म्हणून अनेक घड्यांवरच्या बायकांचे चेहरे झडून मळकट काळे झालेले दिसतात. पेंथेसिलियाचा पांढरेपणा अजून वाचता येतो हे आपलं मोठंच नशीब. काळ्या शिरस्त्राणासमोर तो चेहरा नसता, तर या चित्राचा निम्मा जीव गेला असता.

प्रेमाची गोष्ट मागाहून चिकटवली असेल, असंही काही जण म्हणतात. पण ‘एथिओपिस’ या हरवलेल्या महाकाव्याचा सारांश उरलाय. त्यात थर्सायटीस हा ग्रीकांच्याच बाजूचा माणूस अकिलीसला याच प्रेमावरून डिवचतो आणि अकिलीस त्याला ठार करतो.

ताडून पाहायला म्युनिकमधला, याच प्रसंगाचं चित्र असलेला मद्याचा पेला घ्या, इ.स.पू. 470 ते 460च्या सुमाराचा. तिथे दोघांचेही चेहरे उघडे, तिचा हात त्याच्या छातीशी. भावना चटकन पोचते, हे खरं. तरी माझं मत एक्झेकियासलाच. त्याने अकिलीसचा चेहरा झाकला आणि सगळा भार एका डोळ्यावर टाकला.